मदत हवी आहे: एंटर दाबलं की पुढे ४५६ उमटतं, नंबरपॅड मात्र ढिम्म (कीबोर्डचं क्यूएमके फर्मवेअर, ७ × २०)

खटखट्या:
जुन्या आयबीएम टर्मिनलना १२२ कळांचे कीबोर्ड असायचे, वर दोन रांगांत एफ-१ ते एफ-२४ आणि डावीकडे कळांचा वेगळा गठ्ठा. त्या धर्तीवर हाताने वायरिंग करून एक बांधलाय. कळांची जाळी, म्हणजे मॅट्रिक्स, ७ रो आणि २० कॉलमची. कंट्रोलर बोर्ड प्रो मायक्रो, त्यावरची चिप एटीमेगा ३२यू४. त्याला एवढ्या पिना नाहीत म्हणून कॉलम ० ते १५ एमसीपी२३०१७ एक्स्पांडरवर (जादा पिना देणारी चिप) घेतलेत, ती आयटूसीने, म्हणजे दोन तारांवरून, बोलते. १६ ते १९, म्हणजे नंबरपॅड, थेट प्रो मायक्रोवर. क्यूएमकेमध्ये कस्टम मॅट्रिक्सचा 'लाइट' प्रकार वापरलाय. स्कॅनचा कोड १६ कॉलमच्या एका जुन्या बोर्डाचा घेऊन वाढवलाय.

कॉलम ० ते १४ लोण्यासारखे चालतात. कॉलम १५ वर बॅकस्पेस, एंटर वगैरे आहेत. एंटर दाबलं की ओळ बदलते आणि पुढे ४५६ येतं. बॅकस्पेसने अक्षर खोडलं जातं, वर भागिले-गुणिले-वजाही उमटतं आणि न्यूमलॉक फिरतो. मग पुढच्या एंटरला ४५६ ऐवजी कर्सरच इकडे तिकडे पळतो. खऱ्या नंबरपॅडवर काहीही दाबा, शांतता.

कंपाइल करताना एकही वॉर्निंग नाही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून नवा एक्स्पांडर आणून लावला, तरी तेच.

सोल्डरधूर:
घोस्टिंग वाटतंय, म्हणजे न दाबलेली कळही दाबल्यासारखी दिसते. एखादा डायोड उलटा किंवा शॉर्ट असेल. काळ्या पट्ट्या बघा.

खटखट्या:
सगळे १एन४१४८ डायोड मीटर लावून तपासले, पट्टी रोच्याच बाजूला आहे. आणि घोस्टिंगला निदान तीन कळा एकदम दाबलेल्या लागतात ना? इथे एकटं एंटर पुरतं.

बिटबहाद्दर:
सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवा. कन्सोल चालू करा, मॅट्रिक्सचं डीबग लावा आणि एंटर दाबून धरल्यावर त्या रोमध्ये काय दिसतं ते जसंच्या तसं सांगा.

खटखट्या:
३२ आकडे दिसतात. आधी १५ शून्यं, मग शेवटपर्यंत सगळे एक.

बिटबहाद्दर:
सापडलं. कॉलम २० ते ३१ ला तुम्ही तारच जोडलेली नाही, तरी तिथे एक दिसतोय. म्हणजे वायरिंग निर्दोष, हा सगळा कोडचा उद्योग आहे.

क्यूएमके कॉलमच्या संख्येवरून रोचा प्रकार ठरवतं: ८ पर्यंत ८ बिट, १६ पर्यंत १६, त्यापुढे ३२. तुमचा रो ३२ बिटांचा झाला, पण एव्हीआरवर, म्हणजे तुमच्या एटीमेगाच्या घराण्यात, साधा 'इंट' (पूर्णांक) १६ बिटांचाच असतो. नंबरपॅडच्या लूपमध्ये '१' हा आकडा कॉलमच्या नंबराइतका डावीकडे सरकवलाय ना? तो साधा इंट आहे, १६ घरं सरकला की कडेवरून पडतो आणि शून्य उरतं. म्हणून नंबरपॅड मुका. सरकवण्याचा आकडा व्हेरिएबलमध्ये असल्यामुळे कंपायलर बोलत नाही. त्या १ ला आधी मॅट्रिक्स-रोच्या प्रकारात बदला (कास्ट करा), किंवा क्यूएमकेचा रो-शिफ्टर मॅक्रो वापरा.

खटखट्या:
नंबरपॅड जिवंत झाला! पण एंटरचं ४५६ अजून आहे.

चिपचोर:
सरळ आरपी२०४० ही चिप लावा, तिथे इंट ३२ बिटांचा असतो. कटकट मिटेल.

बिटबहाद्दर:
चिपचोर, नाही मिटणार, उलट वाढेल. खटखट्या, एक्स्पांडरचे दोन बाइट जोडून उलटे करणारी ओळ असेल बघा. पुलअप (पिनेला १ कडे ओढून धरणारा रोध) असल्यामुळे न दाबलेली कळ १ वाचली जाते, म्हणून उलटं करावं लागतं. हे गणितसुद्धा इंटमध्येच होतं. कॉलम १५ दाबला की उत्तराचा सोळावा बिट १ होतो, आणि एव्हीआरवर तो चिन्हाचा बिट. ऋण संख्या ३२ बिटांत भरताना वरची सगळी घरं १ ने भरली जातात. ते तुमचे १७ एक. हीच ओळ आरपी२०४० वर नेली तर वरचे १६ बिट कायमच १ राहतील, म्हणजे कशालाही हात न लावता नंबरपॅड दाबलेला.

उपाय दोन्ही चिपांवर एकच. उलटं केलेलं उत्तर आधी बिनचिन्हाच्या १६ बिटी व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग रोमध्ये टाका.

खटखट्या:
झालं! आता कन्सोलमध्ये एंटरला नेमका एकच एक. मनापासून आभार.

सोल्डरधूर:
आता माझा नंबर. 🙂 एमसीपी२३०१७ च्या नव्या डेटाशीटमध्ये जीपीए-७ आणि जीपीबी-७ या पिना फक्त आउटपुटसाठी वापरा असं लिहिलंय. वाचन चालू असताना त्या पिनांवरची पातळी बदलली तर आयटूसीची डेटा लाइन बिघडू शकते. तुमचे कॉलम ७ आणि १५ तिथेच इनपुट म्हणून बसलेत. आज चालतील, एखाद्या दिवशी बोर्ड मध्येच अडकेल आणि तुम्ही पुन्हा कोडच्या मागे लागाल.

खटखट्या:
प्रो मायक्रोवर ७ रो, ४ कॉलम आणि आयटूसीच्या २ मिळून १३ पिना गेल्यात, १८ पैकी. ते दोन्ही कॉलम तिकडे ओढतो आणि एक्स्पांडरवरच्या त्या दोन पिना रिकाम्या सोडतो. कॉलमचे नंबर तेच ठेवले तर कीमॅपला (कुठल्या जागी कुठली कळ, ती यादी) हात लावावा लागणार नाही ना?

बिटबहाद्दर:
नाही लागणार, फक्त स्कॅनचा कोड बदलेल. एक्स्पांडरकडून वाचलेल्या आकड्यात ७ आणि १५ हे बिट उलटं केल्यानंतर शून्य करून घ्या. रिकाम्या पिनेवर काय वाचलं जाईल याचा भरवसा नसतो.