हौशी मॉडेलसाठी पाते कोणते घ्यावे, सर्जिकल की पेन कटरचे?

धरमपेठकर : नागपूरच्या मोतीबाग नॅरोगेज रेल्वे संग्रहालयातल्या डब्याचे १:८७ प्रमाणातले मॉडेल करू पाहणाऱ्या नवशिक्याला सर्रास पेन कटरचा (पेनसारख्या मुठीच्या, पाते बदलता येणाऱ्या सुरीचा) महागडा संच घ्यायला सांगतात, ते मला पटत नाही. सर्जिकल दुकानातली ३ क्रमांकाची मूठ आणि ११ क्रमांकाची पाती त्याला पुरेशी आहेत. ही पाती पातळ असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीन (मॉडेलच्या प्लास्टिकच्या) शीटमध्ये खिडक्या कापताना कडेला फुगवटा कमी येतो, आणि स्वस्त असल्यामुळे धार उतरताच पाते बदलताना हात आखडत नाही. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि मग ते स्टीलच्या पट्टीवरून निसटून थेट बोटावर येते.

इतवारीकर : आपले म्हणणे कार्डशीट आणि पातळ स्टायरीनपुरते मान्य आहे, पण डबा काही नुसत्या खिडक्यांचा होत नाही. बाल्सा हे हलके लाकूड कापताना किंवा साच्यातून काढलेल्या सुट्या भागांवरची शिवण (साच्याच्या जोडाची उमटलेली रेघ) खरवडताना पात्यावर बाजूने दाब येतो, तेव्हा सर्जिकल पाते वाकते आणि त्याचे टोक तुटून उडते. पेन कटरचे पाते जाड असते, ते हा दाब सोसते. शिवाय सर्जिकल पाते मुठीवरून काढणे हेच नवशिक्यासाठी सर्वांत धोक्याचे काम आहे. पेन कटरची पकड फिरवून सैल केली की पाते सहज निघते. एक सूचना आवर्जून करतो : दोन्हींवर ११ हाच आकडा असला तरी एकाचे पाते दुसऱ्याच्या मुठीत बसत नाही, त्यामुळे खरेदी करताना गफलत करू नये.

महालकर : बाल्साच्या रेषांना आडवे कापायचे असेल तर दोन्ही पाती बाजूला ठेवून बारीक दातांची करवत घ्यावी, कारण सुरीच्या दाबाने लाकूड चेपते. जाड स्टायरीन आरपार कापूच नये. दोन-तीनदा हलके ओरखडून वाकवले की ते सरळ रेषेत तुटते.

धरमपेठकर : बाल्सा आणि शिवणीबाबत इतवारीकरांचे म्हणणे मला मान्य आहे, तिथे जाड पातेच हवे. पाते काढण्याच्या धोक्यावर मात्र उपाय आहे : बारीक पक्कड घेऊन, पात्याचे टोक अंगापासून दूर ठेवून, मागचा भाग किंचित उचलून ते सरकवावे. खिडक्यांबाबत मी ठाम आहे. प्रत्येक कोपऱ्यात आधी टोक रोवून तिथून मध्याकडे कापत यावे, म्हणजे रेघ कोपऱ्याबाहेर जात नाही, आणि हे काम पातळ पात्यानेच नीट होते.

इतवारीकर : कोपऱ्यांची रीत उत्तम आहे आणि ती पेन कटरनेही साधते, फक्त पाते नवे हवे. एकच हत्यार घेण्याइतके पैसे असलेल्या मुलाला मी आजही पेन कटरच सुचवीन. कार्बन स्टीलची पाती असतील तर नागपूरच्या पावसाळ्यात ती लवकर गंजतात, म्हणून काम झाल्यावर मशीनच्या तेलाचा हात फिरवून ठेवावीत.