कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सला वैतागले, दुसरी कोणती घेऊ? (जरा घाई आहे)

मनवा_क
घरात संध्याकाळी काढलेले सगळे फोटो हललेले येतात. एफ/२.८ची (जास्त उजेड आत घेणारी) झूम घ्यायची ठरवलंय. सिग्मा १७-५० मिमी की टॅमरॉन १७-५० मिमी? शनिवारपर्यंत ठरवायचंय. फार महाग नको. आणि कृपया ‘आधी फोटोग्राफी शिका’ सांगू नका.

तिपाई
कॅमेरा कुठला?

चकोर७
डोळे झाकून टॅमरॉन घ्या, व्हीसी (हाताचा कंप सावरणारी सोय) नसलेली. मी सहा वर्षं वापरतोय. व्हीसीवालीपेक्षा शार्प आहे आणि हलकीही.

तिपाई
चकोरराव, कॅमेरा कळू द्या की आधी! निकॉनसाठीच्या त्या लेन्सच्या जुन्या आवृत्तीत फोकसची मोटर नाही. डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यातही नसते. म्हणजे बाई हाताने फोकस करत बसणार.

चकोर७
नंतरच्या आवृत्तीत मोटर आहे. माझ्याकडे कॅनन असल्याने हा प्रश्न आला नाही.

तिपाई
तेच म्हणतोय मी.

मनवा_क
निकॉन डी३४००. सोबत आलेली १८-५५.

रानवाटा
पक्ष्यांसाठी १७-५० कमी पडेल. ७०-३०० बघा.

मनवा_क
पक्षी कुठून आले? भाचा आहे, दीड वर्षाचा.

सावलीचा_पाठलाग
हे आधी सांगायचं! मग झूम कशाला? ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स (तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची, झूम नसलेली) घ्या. छोटी आणि स्वस्त. एफ/२.८च्या मानाने उजेड दुपटीहून जास्त. मी आता झूमला हात लावत नाही.

चकोर७
दीड वर्षाचं पोर सेकंदात पायाशी येतं, तेव्हा ३५ मिमीवाला मागे भिंतीला टेकलेला असतो. झूमच हवी.

सावलीचा_पाठलाग
भिंत तुमच्याकडे असेल. :)

तिपाई
मनवाताई, हललेल्या एका फोटोची माहिती उघडा. शटर (किती वेळ उघडं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं, एफचा आकडा लहान तेवढं मोठं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि फोकल लेन्ग्थ (किती झूम) हे चार आकडे द्या.

मनवा_क
१/२०, एफ/५.६, आयएसओ ८००, ५५ मिमी. व्हीआर चालू होतं, तरी असं!

तिपाई
व्हीआर तुमचा हात सावरतं, भाच्याला थांबवत नाही. १/२० ला पळतं पोर धूसरच येणार. सिग्मातलं ओएस किंवा टॅमरॉनचं व्हीसी घेतलंत तरी तेच.

आता हिशेब. एफ/५.६ वरून एफ/२.८ म्हणजे चौपट उजेड, शटर १/८०. अजूनही कमीच. मुलांसाठी मी १/२५० च्या खाली जात नाही. तेवढं एफ/२.८ लाही हवं असेल, तर आयएसओ २५०० लागेल. तुमचा ८०० वर का अडकलाय? मेनूत ऑटो आयएसओची कमाल मर्यादा बघा. तिथेच किमान शटरही ठरवता येतं.

मनवा_क
मर्यादा ८०० च आहे. दाणे येतात म्हणून दादाने लावून ठेवली होती.

चकोर७
दादाला नमस्कार.

तिपाई
६४०० करा. याच लेन्सवर, याच उजेडात १/१६० मिळेल. दाणे कमी करता येतात, हललेला फोटो सरळ होत नाही. तरी लेन्स घ्यावीशी वाटली तर सिग्मा १७-५० ओएस. मोटर आतच आहे. पण किट लेन्स २०५ ग्रॅमची आणि ही ५६५ची. फिल्टरही ७७ मिमीचा, तुमचा ५५चा चालणार नाही. जुनी घेतलीत तर टॉर्च लावून आत बुरशी आहे का बघा आणि एफ/२.८ वर जवळच्या आणि लांबच्या वस्तूचा फोटो काढून बघा. फोकस पुढेमागे जात असेल, तर डी३४०० मध्ये तो जुळवून घ्यायची सोय नाही.

फ्लॅशवाला_काका
एवढ्या चर्चेपेक्षा एक बाहेरचा फ्लॅश घ्या आणि छतावर मारा. मी तर किट लेन्सवर एफ/८ ला काढतो.

सावलीचा_पाठलाग
काका प्रत्येक प्रश्नाला फ्लॅश मारतात.

फ्लॅशवाला_काका
छत पांढरं असेल तरच हं. रंगीत असलं तर पोर हिरवं दिसतं.

मनवा_क
आत्ता ६४०० वर काढले. तोंड चक्क स्पष्ट आलंय! दाणे आहेत, पण चालतील. तरीही मागचं धूसर हवंच आहे मला, त्यामुळे शनिवारी सिग्मा बघून येतेच. काका, छत पिवळट आहे. चालेल का?

रानवाटा
मग ती १८-५५ विकणार का?