मदत हवी आहे: जुना फ्लॅट आधी विकावा की नवीन आधी बुक करावा? (ठाणे)

नौपाडावासी
नमस्कार मंडळी. नौपाड्यातला २ बीएचके विकून घोडबंदर रोडला मोठा घ्यायचा आहे. तिथला बिल्डर म्हणतो, रविवारपर्यंत बुकिंग केलं तर मुद्रांक शुल्क तो भरेल, नंतर ऑफर बंद. इकडे गिऱ्हाईक येतंय पण भाव जमत नाही. पोर्टलवर आमच्याच गल्लीतले लोक दीड कोट मागतात, येणारे सव्वाच्या पुढे सरकत नाहीत. एक दलाल म्हणतो थांबा, दुसरा म्हणतो आत्ताच काढा. आधी काय करू? टॅक्स किती लागेल? नुकतं ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, वेळ कमी आहे.

डोंबिवलीकर७२
इमारत किती जुनी? लिफ्ट? मजला? कर्ज शिल्लक आहे? फ्लॅट कोणाच्या नावावर? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

दस्तवाला
पोर्टलवर दिसते ती विकणाऱ्याची अपेक्षा. सौदा कितीला झाला ते इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात असतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर मोफत ई-सर्च आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे किंवा सीटीएस (नगर भूमापन) नंबर टाका, तुमच्याच इमारतीतले दस्त निघतील. त्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' हे दोन वेगळे रकाने असतात. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरने (सरकारी दरपत्रकाने) काढलेला आकडा; तुम्हाला हवा तो मोबदला, म्हणजे प्रत्यक्ष सौद्याची रक्कम. खाली क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (भिंती धरून) ते वाचा आणि मगच चौरस फुटाचा दर काढा. गेल्या वर्षभरातले पाच-सहा दस्त पाहिलेत की दोन्ही दलालांची गरज उरणार नाही.

आधी_घर
आधी बुक करा. आम्ही आधी विकला, मग मनासारखं घर मिळेना. भाड्याच्या घरात पोरांची शाळा, सामान, सगळ्याचे हाल झाले. भाव काय, नेहमी वरच जातात.

सावध
नेहमी वर जात नाहीत. जुना अडकून पडला तर नव्याचा हप्ता कुठून भरायचा? ताई, रविवारच्या धाकाने काही करू नका. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेचा कायदाच तसा आहे. त्याच कायद्याखालच्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाच्या साइटवर प्रकल्पाची ताब्याची तारीख बघा, ब्रोशरवरची नको. ठाण्यात मुद्रांक ७ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ६. तो भरणार म्हणतो ते लेखी घ्या आणि दरात आधीच चढवलंय का ते शेजारच्या प्रकल्पाशी ताडून बघा.

प्लॉटप्रेमी
फ्लॅट म्हणजे भिंतींत पैसा. मुरबाडकडे एनए (बिनशेती) प्लॉट बघा, जमीन ती जमीन. मी स्वतः घेतलाय, हवं तर सांगतो.

डोंबिवलीकर७२
त्यांना राहायला घर हवंय, मुरबाडहून रोज कामावर येणार का? ताई, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे ते अजून कळलं नाही.

नौपाडावासी
इमारत १९९४ ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही, कर्ज नाही. फ्लॅट बाबांनी तेव्हाच घेतलेला. बाबा २०१९ ला गेले. आई नॉमिनी होती, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव चढवलंय, त्यामुळे तो प्रश्न नाही. मी टॅक्सचं विचारलं होतं.

दस्तवाला
तोच तर प्रश्न आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नाव लावते ते तिच्या कारभारापुरतं. मृत्युपत्र नसेल तर आई आणि सगळी भावंडं सारखे वारस. आजी हयात असेल तर तिचाही वाटा. मृत्युपत्र आहे? भावंडं किती?

नौपाडावासी
मृत्युपत्र नाही. आजी नाही. मी आणि माझी ताई, आम्ही दोघी बहिणी. ताई अबूधाबीला असते, तिला काही नको, ती सही करेल.

करसल्लागार_मुलुंड
नुसत्या सहीने भागणार नाही. आपला वाटा सोडल्याचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल, खरेदीदाराची बँक ते मागणारच. बहीण येणार नसेल तर तिने तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र (तिच्या वतीने सही करायचा अधिकार) साक्षांकित करून पाठवावं. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. हक्क न सोडता ती विक्रेती म्हणून उभी राहिली तर ती अनिवासी, तिच्या वाट्यावर टीडीएसचे (खरेदीदाराने पैसे देतानाच कापायच्या कराचे) नियम वेगळे. ५० लाखांच्या वरच १ टक्का, हा निवासी विक्रेत्याचा हिशोब तिला लागू नाही.

आता कर. घर २००१ च्या आधीचं आहे, म्हणून १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य खरेदी किंमत धरता येतं. मान्यताप्राप्त व्हॅल्यूअरकडून दाखला घ्या. २३ जुलै २०२४ च्या आधीची मालमत्ता असल्याने निवासी व्यक्तीला दोन्ही हिशोब करून बघता येतात: इंडेक्सेशनशिवाय (खरेदी किंमत महागाईनुसार न वाढवता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, जो कर कमी येईल तो. नफा घरात गुंतवला तर करात सवलत आहे. विक्रीच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत खरेदी, बांधकाम असेल तर तीन वर्षं. तेव्हा रविवारची घाई करानेही लावलेली नाही. पण ज्याला नफा, सवलत त्यालाच. नवीन घर कोणाच्या नावावर घेताय?

नौपाडावासी
माझ्या आणि मिस्टरांच्या. कर्ज आम्ही दोघं घेतोय. आई आमच्याकडेच राहते.

करसल्लागार_मुलुंड
मग आईच्या वाट्याच्या नफ्यावर कर लागेल. तिचं नाव करारनाम्यात घ्या, तिचे पैसे तिच्या खात्यातून जाऊ द्या.

आधी_घर
त्यापेक्षा आईनेही हक्क सोडून द्यावा. एकच विक्रेती, एकच खातं, काम सोपं. आमच्याकडे तसंच केलं.

सावध
काम सोपं होईल आणि आईच्या हातात काय उरेल? त्या घराशिवाय त्यांच्या नावावर दुसरं काही आहे का? तुमच्यावर अविश्वास नाही, ताई. पण म्हातारपणी माणसाच्या नावावर छप्पर असावं, करापायी ते काढून घेऊ नका. मी आमच्याच नात्यात याची भांडणं बघितलीत.

नौपाडावासी
आईला असं विचारलंच नव्हतं कोणी. आज बसते तिच्याशी आणि ताईलाही फोन लावते. बिल्डरला रविवारचं काय सांगू?

सावध
कागद पूर्ण झाल्यावर येते, एवढंच. फ्लॅट शिल्लक असेल तर तो ऑफरसकट परत फोन करेल.

पुनर्विकास_समिती
उशिरा लिहितोय. १९९४ ची, लिफ्ट नाही, नौपाडा! तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा आहे का? आता ५१ टक्के सभासदांची संमती पुरते.

नौपाडावासी
मागच्या सभेत दोन बिल्डर येऊन गेले. पण त्याचा आमच्या विक्रीशी काय संबंध?

दस्तवाला
पुनर्विकासाच्या आशेवर फ्लॅटचा भाव वाढतो; सव्वा कोट म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक असणार. भाव ठरवण्याआधी त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत सचिवांकडून मागून घ्या.