मदत हवी आहे: एमएम ५४० चा रेडिएटर, तांब्याची नवी जाळी भरू की ॲल्युमिनियमचा घेऊ?

कासारवडवलीकर
महिंद्रा एमएम ५४० जीप, १९९४ ची, २११२ सीसी डिझेल, एसी नाही. रेडिएटर मूळचाच, तांबे-पितळेचा. वरच्या टाकीच्या सांध्यातून पाणी झिरपतं आणि खालच्या भागातल्या पातळ पट्ट्यांचा (फिन्सचा) बोट लावलं की भुगा होतो. माजिवड्यापासून गायमुखपर्यंतच्या गर्दीत तापमानाचा काटा चढत जातो, नाशिक महामार्गावर ५०-६० ने निघालं की पुन्हा खाली येतो. रेडिएटरची कॅप ०.९ बारची आहे. फॅनभोवतीचा पत्र्याचा शराउड आधीच्या मालकाने काढून टाकलाय. आता तीन पर्याय समोर आहेत: जुन्या टाक्या ठेवून तांब्याची नवी जाळी (नळ्या आणि पट्ट्यांचा मधला भाग), दुसऱ्या गाडीचा प्लॅस्टिक टाक्यांचा ॲल्युमिनियम रेडिएटर ब्रॅकेट बदलून, किंवा आर्गन वेल्डिंगने पूर्ण ॲल्युमिनियमचा बनवून घेणे. कोणता घ्यावा, आणि का?

तुर्भेकर
धातू ठरवायच्या आधी तुम्हीच लिहिलेलं एक वाक्य पुन्हा वाचा. गर्दीत काटा चढतो, वेगात उतरतो. याचा अर्थ उभ्या गाडीत जाळीतून पुरेशी हवा जात नाही. उलट झालं असतं, म्हणजे गर्दीत ठीक आणि चढावर किंवा वेगात गरम, तर तुंबलेल्या नळ्या, झिजलेली वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) किंवा आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा होज, यांच्यावर पहिला संशय घेतला असता. शराउड नसेल तर फॅन जाळीचा फक्त मधला गोल ओढतो, चारही कोपरे जवळजवळ फुकट जातात. त्यामुळे तिन्हीपैकी कोणताही रेडिएटर शराउडशिवाय बसवलात तरी घोडबंदर रोडवर काटा चढणारच.

दुसरं म्हणजे ती कॅप. जुन्या झाळलेल्या (सोल्डर केलेल्या) रेडिएटरना बहुतेक ७ पीएसआय दाबाची, म्हणजे साधारण ०.५ बारची कॅप असायची. ०.९ म्हणजे जवळपास १३ पीएसआय. ०.५ ला पाणी सुमारे १११ अंशांना उकळतं आणि ०.९ ला ११९ ला, म्हणून लोक मोठी कॅप लावतात. पण तो जादा दाब शिसे-कथलाच्या झाळेवर येतो. वरच्या टाकीचा सांधा सुटण्यामागे ही कॅप असण्याची शक्यता मोठी आहे. गळती थांबावी म्हणून हळद किंवा लीक बंद करायची पूड टाकू नका. भोकाआधी चांगल्या नळ्या बुजतात.

ऐरोलीकर
हवेचं पटलं. पण ॲल्युमिनियमला कमी लेखू नका. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या आसपास आणि ॲल्युमिनियमची २३७, हे आकडे तोंडावर फेकले जातात, आणि ते शुद्ध धातूंचे आहेत. तांबे-पितळेच्या रेडिएटरमध्ये फक्त पट्ट्या तांब्याच्या असतात. नळ्या पितळेच्या, ज्याची वाहकता तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि मध्ये झाळेचा थर, तो त्याहूनही मंद. ॲल्युमिनियममध्ये नळी आणि पट्टी भट्टीत एकजीव होतात. शिवाय त्याची नळी २५ मिमी किंवा जास्त रुंद करता येते. पितळेची साधारण १२ ते १६ मिमीच ठेवतात, कारण पातळ पितळ रुंद केलं की दाबाने फुगतं. म्हणून नळ्यांच्या दोन ओळींचा ॲल्युमिनियम बऱ्याचदा चार ओळींच्या तांब्याला भारी पडतो, आणि वजनही बरंच कमी भरतं.

तुर्भेकर
ऐरोलीकर, सगळं बरोबर. एसीवाल्या नव्या गाडीसाठी मीही तेच सांगेन. पण इथे गाडी जीप आहे. चासी पिळवटते, डिझेल इंजिन थरथरतं, आणि बऱ्याच जीपमध्ये रेडिएटर चौकटीला थेट बोल्टने आवळलेला असतो. पितळ तो पीळ सोसतं. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग टाकीच्या कोपऱ्यात तडकतं. बसवायचाच असेल तर खाली ६-८ मिमी जाड रबर, बोल्टला रबरी बुश, आणि रेडिएटरला कुठलीही अर्थिंगची वायर नाही.

दुरुस्तीचा हिशेबही बघा. तांब्याचा तुंबला तर टाक्या उघडून नळ्यांत सळी फिरवता येते, गळला तर झाळ मारता येते, आणि हे काम करणारा कारागीर ट्रकचा राबता असेल तिथे मिळतो. ॲल्युमिनियम मात्र कॉस्टिक सोड्याच्या कढईत कोणालाही घालू देऊ नका. तांबे-पितळ त्यात स्वच्छ निघतं, ॲल्युमिनियम अक्षरशः विरघळतं. सवयीने तसं करणारे आहेत, म्हणून आधी स्पष्ट बजावावं लागतं. प्लॅस्टिक टाकीचा तुमच्या गाडीसाठी विचारच नको. होजची तोंडं जुळत नाहीत आणि टाकी धरून ठेवणारी पत्र्याची घडी एकदा उघडली की पुन्हा तशी घट्ट बसत नाही.

कासारवडवलीकर, दोन मापं घेऊन लिहा. इंजिन तापलं की इन्फ्रारेड थर्मामीटरने जाळी तपासा. चकचकीत धातूवर तो चुकीचं दाखवतो, म्हणून मास्किंग टेपचे तुकडे चिकटवून त्यांच्यावर नेम धरा. मग थंड इंजिनात मल्टिमीटरची एक पिन पाण्यात (धातूला न टेकवता) आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. हेडलाइट बंद आणि चालू, दोन्ही वेळा.

कासारवडवलीकर
मापं घेतली. डावीकडे चार बोटं रुंदीचा उभा पट्टा ५० अंशांच्या आसपास, त्याच्या शेजारी ७५. मल्टिमीटर: दिवे बंद ०.१ व्होल्ट, चालू केल्यावर ०.४. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाका, गाडी थंड राहील.

ऐरोलीकर
०.४ जास्त आहे. ०.३ च्या वर गेलं की करंट पाण्यातून वाट काढतोय असं धरायचं. ॲल्युमिनियमला तर ०.१५ सुद्धा नको, काही महिन्यांत सुईएवढी भोकं पडतात. इंजिन ते चासी आणि बॅटरी ते चासी, अर्थिंगच्या दोन्ही पट्ट्या नव्या टाका, खालचा रंग खरवडून. हे पाहता तुमच्या गाडीला मीही तांबंच सांगेन.

थर्मोस्टॅट काढू नका. थंड डिझेल इंजिन जास्त इंधन खातं आणि काजळी धरतं. शंका असेल तर पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटरसोबत तो बुडवा आणि त्यावर कोरलेल्या अंशाला उघडतो का ते बघा.

तुर्भेकर
थंड पट्टा म्हणजे तिथल्या नळ्या बंद. पट्ट्याही सडल्यात, तेव्हा सळी फिरवून भागणार नाही. नवी जाळीच भरा. कारागिराला हे सांगा:

नळ्यांच्या तीन ओळी पुरेत. चौथी भरली तर मागच्या ओळीला पुढच्यांनी तापवलेलीच हवा मिळते आणि फॅनला ओढायला जड जातं. पट्ट्या इंचाला १० ते १२. दाट भरल्या की पावसाळ्यातला चिखल अडकून बसतो. पट्टी खरवडून तांबूस रंग बघा. जुन्या जाळीचं वजन करून मोडीचे पैसे बिलातून वजा करायला लावा, भरपूर धातू असतो तो. तयार झाल्यावर पाण्याच्या हौदात बुडवून १० पीएसआय हवा, दहा मिनिटं, एकही बुडबुडा नको. कॅप ७ पीएसआयची. बाहेरून पातळ काळा रेडिएटर पेंट, खाडीच्या खाऱ्या हवेत तो लागतोच. जाड ऑइल पेंट मात्र उष्णता अडवतो.

शराउड वागळे इस्टेटमध्ये कोणीही पत्रेवाला वाकवून देईल. पाती अर्ध्यापर्यंत त्याच्या आत हवीत आणि टोकाभोवती २०-२५ मिमी मोकळं, कारण शराउड रेडिएटरसोबत स्थिर असतो आणि फॅन इंजिनासोबत डोलतो. फॅन बेल्टचा ताणही तेव्हाच बघून घ्या.

नवा रेडिएटर चढवण्याआधी इंजिनाच्या ब्लॉकचा ड्रेन प्लग काढून साध्या पाण्याने धुवा, गढूळपणा जाईपर्यंत. नाहीतर आतला गंज थेट नव्या नळ्यांत जातो. पहिले काही दिवस वरच्या होजच्या तोंडाशी, रेडिएटरच्या बाजूला, नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा बसवा. आठवड्याने उघडून साफ करा आणि गाळ यायचा थांबला की काढून टाका.

कूलंट हिरवा, जुन्या पद्धतीचा, डब्यावर तांबे-पितळेला चालतो असं लिहिलेला. लाल-नारंगी प्रकारातले काही झाळेला सोसत नाहीत, आणि दोन प्रकार एकत्र तर मुळीच नकोत. ठाण्यात पाणी गोठत नाही, त्यामुळे एक भाग कॉन्सन्ट्रेट आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर पुरे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी नको. भरताना कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाईल, तेव्हा तोंडाच्या इंचभर खालपर्यंत भरा. पाणी तापल्यावरही बुडबुडे थांबले नाहीत तर हेड गॅस्केट तपासायला लागेल. जुना कूलंट डब्यात गोळा करा, गटारात नको. तो गोड लागतो आणि कुत्री-मांजरं पिऊन मरतात.