लहान चणीच्या, पण जोरदार चावणाऱ्या कुत्रीसाठी निर्धोक आणि टिकाऊ खेळणे कोणते?

प्रश्न

नमस्कार मंडळी,

आमच्या ठमीला येत्या महिन्यात दोन वर्षे पूर्ण होतील. ती जॅक रसेल टेरियर आहे, वजन साडेपाच किलो, आणि चण लहान असली तरी जबड्यातला जोर तिच्या दुप्पट आकाराच्या कुत्र्याला शोभेल असा आहे. कापडी खेळणे दिले की दहा मिनिटांच्या आत शिवण उसवते, कापूस घरभर होतो आणि त्यानंतरही आतली शिट्टी बाहेर निघेपर्यंत ती थांबत नाही. गेल्या आठवड्यात शिट्टीचा आवाज अचानक बंद झाला म्हणून मी जवळ जाऊन पाहिले, तर शिट्टी खेळण्यातही नव्हती आणि जमिनीवरही नव्हती. ठमीचे तोंड उघडून बोट फिरवल्यावर ती गालाच्या आत, दाढेच्या मागे सापडली. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी ती प्लास्टिकची चकती हातात आली तेव्हा माझे हातपाय गार पडले होते.

अडचण अशी आहे की, लहान कुत्र्यांसाठी म्हणून जी खेळणी मिळतात ती ठमीच्या तोंडाला बसतात, पण फारच नाजूक असतात. आणि मोठ्या कुत्र्यांसाठीची चिवट खेळणी आणावीत तर तिला ती नीट धरताच येत नाहीत, चार वेळा नाकाने ढकलून ती नाद सोडते. एका परिचितांनी हरणाचे शिंग देऊन पाहा असे सुचवले आहे, कारण ते महिनोन्महिने टिकते. ते द्यावे का? साहित्य कोणते चांगले, आकार कसा ठरवावा आणि खेळणे केव्हा टाकून द्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. कधीच न तुटणारी एखादी वस्तू असेल तर मला तीच हवी आहे.

पहिले उत्तर

ताई, कृपया शिंग देऊ नका. हे मी ऐकीव माहितीवरून सांगत नाही. आमच्या सात किलोच्या कुत्र्याला मी स्वतःच्या हाताने शिंग दिले होते आणि ते चार महिने टिकले याचे मला कौतुकही वाटत होते. मग तो जेवताना मान एका बाजूला कलती करून खाऊ लागला आणि एक-दोन दाणे तोंडातून खाली पडू लागले. ओठ वर करून पाहिले, तर वरच्या सर्वांत मोठ्या दाढेची बाहेरच्या अंगाची ढलपीच निघालेली होती, लाकडाची निघते तशी उभी, आणि मोडलेल्या जागी टाचणीच्या माथ्याएवढा गुलाबी ठिपका दिसत होता. तो ठिपका म्हणजे उघडी पडलेली नस. ही दाढ, म्हणजे वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ, तीन मुळांची असते. त्यामुळे पूर्ण भूल देऊन, तिचे तुकडे करून ती एकेका मुळासह काढावी लागली. तोपर्यंत तो किती दिवस दुखणे सोसत होता हे मला कधीच कळणार नाही, कारण त्याने खाणे एक दिवसही सोडले नव्हते.

नंतर डॉक्टरांनी समजावले ते असे. कुत्रा टणक वस्तू पुढच्या दातांनी फोडत नाही, तर ती तोंडाच्या कोपऱ्यात सरकवतो, जिथे वरची आणि खालची दाढ कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात. कात्रीच्या बिजागरीजवळ धरलेली वस्तू टोकाशी धरलेल्या वस्तूपेक्षा सहज कापली जाते, तसाच जबड्याचा सर्वाधिक जोर इथे पडतो. पण कुत्र्याच्या दातावरचा एनॅमलचा थर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. चावलेली वस्तू जराही दबली नाही, तर तो सगळा जोर दातावरच उलटतो. म्हणून तुम्ही ‘कधीच न तुटणारी वस्तू’ मागता आहात, तिथेच मला आधी थांबवावेसे वाटते. दोहोंपैकी एक तुटणार असेल, तर ते खेळणे असले पाहिजे.

विकत घेण्यापूर्वी अंगठ्याचे नख खेळण्यात जोराने दाबून पाहा. नखाची खूण उमटली किंवा वस्तू किंचित दबली, तर ती दातांना मानवेल. खूण उमटतच नसेल, तर ती कितीही महाग असो, परत ठेवा. दुसरी कसोटी अशी की, ती वस्तू स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर आपटून घ्यावीशी वाटेल का याचा विचार करा. शिंग, खूर, हाडे, टणक नायलॉन आणि बर्फाचे मोठे खडे या कसोटीला उतरत नाहीत. शिजवलेल्या हाडाचा धोका दुहेरी आहे, कारण ते फुटले की त्याच्या टोकदार कपच्या होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुतू शकतात.

दुसरे उत्तर

मी काही वर्षे पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस म्हणून काम केले आहे. वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. आकाराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण लहान कुत्र्यांच्या बाबतीत साहित्याइतकाच आकारही महत्त्वाचा ठरतो आणि तिकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

चेंडूचा आकार असा असावा की तो कुत्र्याच्या सुळ्यांच्या मागे जाताच कामा नये. सुळ्यांच्या मागे गेलेला, लाळेने बुळबुळीत झालेला गोल चेंडू घशात सरकायला क्षणही लागत नाही आणि गोल असल्यामुळे तो श्वासाची वाट बुचासारखी बंद करतो. वेष्टनावर वजनाप्रमाणे आकार छापलेला असतो, पण तो साधारण चावणाऱ्या कुत्र्यासाठी असतो. जोरदार चावणाऱ्यासाठी पुढचा आकार घेणे बरे. आता तुम्ही म्हणता तशी मोठी वस्तू ठमीला धरता येत नाही, हेही खरे आहे. यावर उपाय आकारमानात नसून घडणीत आहे. मध्ये निमुळते आणि दोन्ही टोकांना जाड, डंबेलसारखे लांबट रबरी खेळणे लहान तोंडाला मधोमध धरता येते, पुढच्या पंजांत उभेही करता येते, आणि सबंध गिळता मात्र येत नाही. लांबी तिच्या मुस्कटाच्या रुंदीच्या किमान दुप्पट असावी, असा माझा स्वतःचा अंदाज आहे. जाड टोके कुरतडून झाली की हा फायदा संपतो, म्हणजे आज निर्धोक असलेले खेळणे महिन्याभराने तसेच राहील असे धरून चालू नये.

पोकळ खेळण्याला दोन भोके आहेत याची खात्री करून घ्या. एकच भोक असेल तर कुत्रा जीभ आत घालून चाटू लागला की आतली हवा कमी होते आणि जीभ ओढली जाऊन आत अडकते. मग तिला सूज येते आणि सूज आली की ती आणखी घट्ट बसते. दुसऱ्या टोकाला बारीकसे छिद्र असले तरी हवा आत जाते आणि हा प्रकार टळतो.

दोरीच्या खेळण्यांविषयी मी अतिशय सावध आहे. ओढाओढीच्या खेळात दोरीचे दुसरे टोक तुमच्या हातात असेल तोवर ठीक, पण खेळ संपला की ती उचलून ठेवा. एकट्याने चघळायला दिलेल्या दोरीचे धागे सुटतात आणि गिळले जातात. धाग्याचे एक टोक वर कुठेतरी अडकले आणि उरलेला धागा पुढे सरकत राहिला, तर आतडे त्यावर नाडीवर चुणलेल्या कापडासारखे गोळा होत जाते आणि धागा आतड्याच्या भिंतीला करवतीसारखा कापतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तर तो स्वतः कधीही ओढू नका, तसेच दवाखान्यात न्या. वारंवार उलट्या, खाण्याकडे पाठ, पोटाला हात लावू न देणे, शौचाला न होणे, सुस्ती, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

टेनिसच्या चेंडूवरची लव मऊ वाटते, पण तिच्यात बसलेल्या धुळीमुळे ती पॉलिश कागदासारखे काम करते आणि रोज चघळणाऱ्या कुत्र्याचे दात हळूहळू सपाट होतात. आवाज किंवा दिवे असलेल्या खेळण्यांतल्या बटणासारख्या बॅटऱ्या तर घरातच नसाव्यात. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर थोड्या वेळात तिथे भाजल्यासारखी जखम होते.

काही चघळण्याच्या वस्तूंवर ‘व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल’ या संस्थेची मोहोर असते. ती मोहोर दातांवरचा थर आणि कीटण कमी होण्याबद्दलची आहे. वस्तू मजबूत आहे की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. लहान जातींच्या तोंडात दातांची दाटी असल्यामुळे हिरड्यांचे आजार लवकर होतात, तेव्हा मोहोरेचा उपयोग आहेच, पण तिला टिकाऊपणाची हमी समजू नये.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. शिंगाचा विचार सोडून दिला आहे. मात्र रबराबद्दल दोन शंका उरतात. एक म्हणजे, मागे दिलेल्या रबरी खेळण्याची कड तिने तोडली होती, मग रबर तरी निर्धोक कसे? दुसरे, मोकळे रबर तिला पाच मिनिटांत कंटाळवाणे होते आणि ती पुन्हा खुर्चीच्या पायाकडे वळते.

तिसरे उत्तर

आमच्या घरी गेली अकरा वर्षे टेरियर आहेत, त्यामुळे तुमचा खुर्चीचा पाय माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

रबर सगळे एकसारखे नसते. ‘काँग’ या कंपनीच्या पोकळ खेळण्यांत रंगावरून कडकपणा कळतो: पिल्लांसाठी गुलाबी किंवा निळे मऊ रबर, नेहमीचे लाल आणि सर्वांत चिवट काळे. ठमीसारखीला लालपासून सुरुवात करून, त्याचे तुकडे पडू लागले तर काळ्याकडे जावे, आणि तिथेही नखाची कसोटी लावावी. तुकडा तुटलाच तर तो शोधून काढून खाचेत बसवून पाहा. तो नेमका बसला, तर पोटात काही गेलेले नाही हे कळते. बसला नाही, तर उरलेला भाग पोटात गेला असावा असे धरून पुढचे दोन-तीन दिवस तिच्यावर लक्ष ठेवायचे. मी दर रविवारी सगळी खेळणी हातात घेऊन वाकवतो. वाकवल्यावर बारीक भेगा उघडतात, एरवी त्या दिसत नाहीत. नैसर्गिक रबर उन्हाने भेगाळते आणि तेला-तुपाने फुगून सैल पडते, म्हणून आत काही भरून दिल्यावर ते साबणाने धुऊन सावलीत वाळवावे.

आता कंटाळ्याचे. टेरियर जाती उंदीर, घुशी आणि बिळातले प्राणी धरण्यासाठी पैदास केलेल्या आहेत. पकडायचे, झटकायचे, फाडायचे आणि आतले बाहेर काढायचे, हा त्यांचा क्रम आहे. ठमी शिट्टीसाठी कापूस उपसते ती याच ओढीने. रबराच्या कोऱ्या तुकड्यात तिला बाहेर काढण्यासारखे काही नाही, म्हणून ती सोडून देते. पोकळ खेळण्यात तिच्याच जेवणाचा वाटा भिजवून, दाबून भरा आणि गोठवून द्या. गोठवलेले जेवण रबराच्या आत असल्यामुळे तिला ते चाटून आणि दाबून काढावे लागते, बर्फाच्या खड्यासारखे दाढेखाली फोडता येत नाही. आमच्याकडे यात पाऊण तास सहज जातो.

पीनट बटर वापरायचे असेल तर डबीवरील घटक वाचल्याशिवाय देऊ नका. झायलिटॉल, ज्याला कुठे कुठे बर्च शुगर म्हटलेले असते, माणसाला चालते, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली आणते आणि यकृतही निकामी करू शकते. साडेपाच किलोच्या जिवाला अगदी थोडी मात्राही पुरते. शिवाय एवढ्या वजनाच्या कुत्रीची दिवसाची गरज साधारण ४०० कॅलरींची असते आणि एक मोठा चमचा पीनट बटर म्हणजे ९० ते १०० कॅलरी, म्हणजे दिवसाचा जवळजवळ चौथा हिस्सा. वरखाऊ एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांवर जाऊ नये असे सांगितले जाते, ते लक्षात घेता आतल्या कडेला बोटभर लावणे पुरे.

फाडण्याची हौस मारू नका, तिला वेगळी जागा द्या. चिकटपट्टी आणि पिना काढलेला पुठ्ठ्याचा खोका, त्यात चुरगळलेला कागद आणि कागदात लपवलेले चार दाणे, एवढे तुम्ही समोर बसून दिलेत तर ती फाडते आणि टाकते. पुठ्ठा खाऊच लागली, तर मात्र हा खेळ तिच्यासाठी नाही. कापडी खेळणेही माझ्या मते अगदी वर्ज्य नाही. शिट्टी आणि कापूस आधीच काढून रिकामी खोळ शिवून घ्यावी आणि ती फक्त आपल्यासोबत खेळताना द्यावी.

एक शेवटचे. तोंडातून वस्तू हिसकावण्याची वेळ आली तर तिच्या बदल्यात काहीतरी अधिक चांगले देऊन ती सोडवून घ्या, आणि हा सराव आत्ताच, काही धोका नसताना, रोज दोन-तीनदा करा. हिसकावल्याची सवय झालेला कुत्रा पुढच्या वेळी वस्तू पटकन गिळून टाकतो.

मूळ प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी इतके जीव लावून लिहिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. काल संध्याकाळी तिची खेळण्यांची टोपली जमिनीवर रिकामी केली आणि एकेका वस्तूवर नख दाबून पाहिले. अकरांपैकी चार वस्तू बाजूला काढल्या. त्यात नायलॉनचे एक हाड होते, जे मी सर्वांत भरवशाचे समजत होते. त्यावर नखाची पुसटशीही खूण उमटली नाही. लाल रबराचे लांबट खेळणे आणले आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना छिद्रे आहेत हे उजेडात धरून पाहून घेतले आहे.

मग पहिल्या उत्तरात लिहिल्याप्रमाणे तिचा ओठ वर करून पाहिला. डावी दाढ स्वच्छ आहे. उजव्या बाजूच्या मोठ्या दाढेचे टोक मात्र बोथट झालेले आणि कडेला तपकिरी दिसते. गुलाबी ठिपका दिसला नाही, पण तिने मला तिथे बोट लावू दिले नाही. उद्या सकाळी तिला दाखवायला नेत आहे आणि दाढेचा एक्स-रे काढावा असे सांगणार आहे. डॉक्टर काय म्हणतात ते इथेच कळवीन.