मदत हवी आहे: आई बाबांना तोतया म्हणतेय

दोन महिन्यांपासून आईची खात्री आहे की घरातले बाबा खरे नाहीत, त्यांच्या रूपात कुणी तोतया आलाय. फोनवर मात्र त्यांचा आवाज ऐकला की तीच विचारते, "अहो, घरी कधी येताय?" मानसोपचारतज्ज्ञांनी याला काप्ग्रा भ्रम म्हटलं. औषधं सुरू आहेत, एमआरआय व्हायचाय.

काप्ग्रा या फ्रेंच डॉक्टरांनी १९२३ मध्ये हे नोंदवलं. मेंदू चेहरा ओळखतो, पण आपलं माणूस दिसल्यावर आत जे हलतं ते हलत नाही. इथवर समजलं. पण परकं वाटणं वेगळं आणि 'हा तोतयाच' असं ठाम मानणं वेगळं. काही तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांच्या मते मनात आलेली समजूत तपासून पाहण्याची क्षमताही बिघडलेली असते. मग आई दूधवाल्याचा हिशोब इतका चोख कसा तपासते? कुणी अभ्यासकाने सोप्या मराठीत सांगाल का?

वाद घालणं आम्ही सोडलंय. बाबा फार खचलेत, जेवायलाही वेगळे बसतात. कुणाच्या घरी असं झालंय का? बाबांनी समोर येण्याआधी बाहेरूनच हाक मारली तर फरक पडेल का? पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तोवर तुमचे अनुभव कळवा.