मदत हवी आहे : बारा हजारांत गाडीसाठी ॲम्प, '4000 वॉट'चा घ्यावा की 50×4 चा?

धडपड्या :
गाडी स्विफ्ट, 2016 ची. स्टीरिओ कंपनीचाच आहे, मागे आरसीए (ॲम्पला सिग्नल देणारं सॉकेट) नाही आणि तो बदलायचा नाही. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर आहेत, 60 वॉट आरएमएस (सतत पेलतील इतके), 4 ओहम. आवाज वाढवला की फाटतो. पुढेमागे डिक्कीत दहा इंची सबवूफर टाकायचाय. वायरिंग धरून बजेट 12,000. दुकानदाराने दोन ॲम्प दाखवले. एक साडेचार हजारांचा, खोक्यावर '4000 वॉट'. दुसरा साडेआठ हजारांचा, फोर चॅनेल, क्लास डी (कमी तापणारा प्रकार), त्यावर जेमतेम 50×4, म्हणजे दर चॅनेलला 50 वॉट. मग दुसरा घ्यायचा तो कशासाठी?

तांबडी तार :
4000 हा आकडा जुन्या टू-इन-वनवरच्या 'पीएमपीओ'चा, म्हणजे फुगवलेल्या क्षणिक वॉटचा, सख्खा भाऊ. खोकं राहू द्या, ॲम्पच्या कडेला खोचलेला फ्यूज बघा. समजा 25 अँपिअरचा एकच आहे. 25 गुणिले 13.8 व्होल्ट म्हणजे 345 वॉट आत जाणार. क्लास एबी (जास्त तापणारा प्रकार) असेल तर त्यातले निम्मे-साठ टक्के स्पीकरला, बाकीची उष्णता. म्हणजे चारही चॅनेल मिळून दोनशेच्या आसपास. 4000 येणार कुठून?

दुसऱ्याच्या माहितीपत्रकात 'सीईए-2006' (वॉट मोजायचं मानक, आता 'सीटीए-2006') लिहिलंय का पाहा. असेल तर 50 हा आकडा 4 ओहमला, 14.4 व्होल्टवर आणि 1 टक्का विकृतीच्या आत मोजलेला असतो. स्पीकर 60 चे आणि ॲम्प 50 चा, याची काळजी नको. फरक एक डेसिबलसुद्धा नाही. सध्या आवाज फाटतो तो स्टीरिओतली आयसी (ॲम्पची चिप) 15-18 वॉटला दमते म्हणून.

आरसीए नाही, तेव्हा 'हाय लेव्हल इनपुट' असलेलाच, म्हणजे स्पीकरच्या वायरींतून सिग्नल घेणारा ॲम्प घ्या. नसेल तर वेगळा कन्व्हर्टर आला आणि त्याचे पैसे गेले. एक सांभाळा : स्टीरिओच्या स्पीकर वायरीतली मायनस म्हणजे बॉडी अर्थ नव्हे. ती पत्र्याला टेकवली तर आयसी जळू शकते.

धडपड्या :
समजलं. वायरिंग किट सातशेपासून दिसतंय. चालेल का? आणि सबसाठी नंतर दुसरा ॲम्प लागेल?

तांबडी तार :
सातशेचं किट घेऊ नका. त्यात बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम निघतं. एक धागा सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरं चमकलं की परत द्या. ॲल्युमिनियमला त्याच गेजमध्ये रोध जास्त, शिवाय स्क्रूखाली ते हळूहळू दबतं, जोड सैल होतो आणि तापतो. शुद्ध तांब्याची 8 गेज घ्या, किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात 10 चौरस मिमीची लवचीक वायर मागा. बॉनेटपासून डिक्कीपर्यंत साडेचार-पाच मीटर धरा.

बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत 40 अँपिअरचा फ्यूज हवाच. तो ॲम्पसाठी नाही, वायरीसाठी आहे. वाटेत ती कुठे घासून पत्र्याला लागली तर फ्यूज उडेल. नाहीतर गाडी पेटेल. पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडा झाकणारी रिंग) हवाच.

सबसाठी दुसरा ॲम्प नको. पुढचे दोन चॅनेल स्पीकरना द्या, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, सबला. मात्र ब्रिजमध्ये बहुतेक ॲम्प 4 ओहमच्या खाली चालत नाहीत. म्हणून सब सिंगल कॉइल 4 ओहमचा घ्या. ड्युअल 4 चा (4 ओहमच्या दोन कॉइलचा) घेऊन समांतर जोडला की 2 ओहम होतात आणि ॲम्प प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो. मग लोक ॲम्पच्याच नावाने बोटं मोडतात.

खटपट काका :
माझं मत वेगळं. साडेआठ हजार घालण्याआधी दाराचं प्लास्टिक काढा. आत पत्र्याला मोठी भोकं असतात, स्पीकरच्या मागचा आवाज त्यातून पुढे येतो आणि बास मारला जातो. ती ब्यूटाइल शीटने बंद करा, स्पीकरखाली फोमची रिंग द्या. दोन दारांना दीड-दोन हजारांत भागतं. पाणी निथळायची खालची छिद्रं तेवढी बुजवू नका.

तांबडी तार :
काकांना शंभर टक्के अनुमोदन, पण आवाज फाटणं त्याने थांबणार नाही. दोन्ही करा, सब पुढच्या वर्षी.

धडपड्या :
करतो. गेन किती ठेवायचा? दुकानातला मुलगा म्हणाला, 'फुल करून देतो'.

खटपट काका :
त्याला हात लावू देऊ नका. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, स्टीरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायचा तो खटका. स्पीकर सोडवा, बास-ट्रेबल शून्यावर, ॲम्पचे फिल्टर बंद, स्टीरिओ पाऊणपर्यंत. पेनड्राइव्हवरून 200 हर्ट्झचा टोन वाजवा. स्वस्त मल्टिमीटर 400 च्या वर चुकीचे आकडे दाखवतात. मीटर एसी व्होल्टवर ठेवून गेन 14.1 व्होल्टपर्यंत आणा. 50 वॉट गुणिले 4 ओहम म्हणजे 200, त्याचं वर्गमूळ. मग स्पीकर जोडा आणि हाय पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) 80 हर्ट्झला लावा.

इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर आधी अर्थ तपासा. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट, वायर 45 सेंटिमीटरच्या आत. सीटबेल्टचा बोल्ट मात्र वापरू नका.

धडपड्या :
आणि वॉरंटी? स्टीरिओच्या वायरी कापाव्या लागतील ना?

तांबडी तार :
कापू नका. त्या स्टीरिओचा कपलर असलेली टी-हार्नेस (मध्ये बसणारी जोडवायर) मागा, खटकन बसते. गाडी विकताना ती काढली की सगळं मूळचं.